दीड हात कापड

मागावरच्या कापडावरून आईनं हात फिरवला.
कंदील अजून दारातच होता.
लुईस बेटावर नोव्हेंबरात चार वाजता रात्र होते,
तेव्हा विणकरणीची बोटं डोळ्यांहून शहाणी.
एका जागी ती थांबली.
"हा कुठला धागा, इश्बेल?"

मी सोळा वर्षांची. गिरणीची कांडी संपली होती,
वाऱ्यातून चर्चपलीकडे कोण जाणार,
म्हणून मोज्यांचं जाडं सूत भरलं धोट्यात.
दीड हात.
मग त्यावर तीन हात अगदी निर्दोष विणलं,
इतकं सुरेख मी आजवर विणलं नव्हतं.
झाकायचं असलं की हात किती मन लावून चालतो!

आई ओरडली नाही.
ओरडली असती तर रडून मोकळी झाले असते.
तिनं स्टूल ओढलं, माझ्या शेजारी बसली,
आणि आम्ही उसवायला लागलो.
आधी ते तीन हात. माझे चांगले तीन हात.
"हे कशाला?" मी म्हटलं. "यात काय चूक आहे?"
"काही नाही," ती म्हणाली. "पण ते कशावर उभंय?"

बटाटे चुलीवर गार झाले. तीही जेवली नाही.
थंडीनं भेगाळलेली तिची बोटं लोकरीत अडकत होती,
माझ्याहून जास्त.
मधेच, न बोलता,
कंदील तिनं माझ्या बाजूला सरकवला
आणि स्वतः अंधारात चाचपत राहिली.

पावणेबाराला उठली. "पुरे. प्रभूचा दिवस लागेल."
त्या घरात शिक्षेलाही रविवारी सुट्टी होती.

त्याच हिवाळ्यात समुद्रानं केनेथला नेलं.
माझा भाऊ. एकोणीस वर्षांचा.
चर्चचे वडील टॉर्किल दारात टोपी काढून म्हणाले,
"देवाची छडी, मर्डीना. काय चुकलं ते शोध."
आईनं किटली चुलीवर ठेवली, त्यांच्याकडे पाठ करून.
"वादळ ते वादळ," म्हणाली.
"तो सुधारायला येतो ना,
तेव्हा धागा कोणता, ते सांगतो."
चहा मात्र दिला त्यांना. साखर घालून.

आता मी एकाहत्तर.
आई गेली त्या वर्षी जमिनीचा कागद
एकटीच्या नावावर करून घेतला मी,
आणि ग्लासगोतल्या एफीला, धाकटीला,
दोन ओळींनीही कळवलं नाही.
जाडं सूत. दीड हात.
मग त्यावर किती सुरेख विणलं:
रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या घरी सूपची भांडी,
चर्चच्या छपरासाठी सगळ्यात आधी माझे पैसे.
लोक म्हणतात, इश्बेलसारखी बाई नाही या किनाऱ्यावर.

गेल्या वसंतापासून तो उसवतोय.
आजार नाही, वादळ नाही, गाय मेली नाही.
फक्त प्रार्थनेला बसले की तोंडात एकच नाव येतं,
आणि पुढचे शब्द येत नाहीत.
सूप देताना कुणी "देव तुझं भलं करो" म्हणालं
की लाज वाटते, विस्तवासारखी, कानामागे.
माझे चांगले तीन हात,
एकेक ओळ, तो सोडवतोय,
आणि मी चिडते त्याच्यावर, खोटं कशाला सांगू?
एकदा तर बायबल आपटलं टेबलावर. चष्मा पडला.

पण तो गेला नाही.
नको असलेल्या माणसाचं कापड कोण उसवत बसतं?
गिरणीवाले तर नुसता शिक्का मारतात: नापास.
आणि व्हॅन निघून जाते.

आज शनिवार. कागद घेतला.
"प्रिय एफी" एवढं लिहायला संध्याकाळ गेली.
मग कागदाचं, जमिनीचं, माझ्या लोभाचं,
एकेक ओळ, बोटं थरथरत.
खोलीत मी एकटीच आहे, मला माहीत आहे.
तरी मघापासून दिवा
माझ्या बाजूला जरा जास्त पडतोय असं वाटतं,
आणि शेजारचं स्टूल
मी कधी ओढलं, आठवत नाही.

घड्याळात पावणेबारा.
पत्र अर्धं आहे, सर्वात अवघड वाक्य राहिलंय.
पेन ठेवते.
सोमवारी.