भिंतीतलं दप्तर

युनियनचा इतिहास विचारतोस, रुबेन,
आणि तोही जेवायच्या सुट्टीत, शेगडीवर मांस अर्धकच्चं असताना.
तर ऐक. सुरुवात दोरापासून.

भाषणापासून नाही. झेंडा तर फार नंतरचा,
ओफेलियाच्या पलंगपोसातून कापलेला;
एका कडेला अजून फुलांची वेल दिसते.
दोर.
बंदराजवळ धान्यवाल्यांची कचेरी उठत होती.
सहाव्या मजल्याच्या परांचीवरून व्लादास कुप्रिस खाली आला
आणि मुकादमाने आधी घमेलं उचललं,
तडा गेलाय का ते पाहिलं.
दोर जुना होता, कुठल्याशा बोटीवरून उतरवलेला,
मिठाने खाल्लेला.

लढणाऱ्याने परतीचे दोर कापावेत म्हणतात.
हे काय कापणार?
हे तेरा जण नवा दोर मागायला गेले,
चाळीस मीटर, तागाचा.
माझा बाप त्यांच्यात सगळ्यांत बुटका,
म्हणून त्याला पुढे उभं केलं.

एकोणीस दिवस काम बंद.
पाम्पेरो वारा कानात सुया खुपसणारा,
येर्बाची तीच ती पानं पुन्हा पुन्हा भिजवलेली,
लिथुआनियन बायका बीटचं सूप पातळ करत गेल्या
इतकं, की ताटलीच्या तळावरचं बदक दिसायला लागलं.
विसाव्या दिवशी दोर आला.
मालकाने दिला नाही. वर्गणी काढून यांनीच आणला
आणि मालकाला पावती पाठवली.
त्याने पैसे दिले,
तीन वर्षांनी.

ती पावती डकवायला म्हणून दप्तर उघडलं.
एलेउतेरिओ बास्तारिका लिहायचा. अक्षर सुरेख,
हिशेब मात्र नेहमी दोन पेसोंनी चुकलेला.
कुणी भरले, कुणाचे राहिले,
कोण पडलं, कितव्या मजल्यावरून.
त्या नावांपुढे तो एक छोटा ओळंबा काढायचा,
सरळ खाली.

भांडणं? होती की.
गवंडी म्हणाले, घमेलेवाले आमच्यात नकोत.
दोन वर्षं दोन युनियनी, एकाच गल्लीत समोरासमोर,
आणि साऱ्या मोन्तेविदेओची छपरं घालणाऱ्यांची
दोन्ही छपरं गळायची.
शेवटी कोण कुणाकडे आधी शिडी मागायला गेलं
यावर अजून एकमत नाही.

मग तो जून. थंडीचा. लष्कराचा.
एलेउतेरिओने दप्तर पिठाच्या पिशवीत घातलं
आणि कामावर आणलं.
गिलावेवाल्या तिबुर्सिओने ते विटांमागे ठेवलं,
वर गिलावा केला, रंधा फिरवला,
असा, की त्याला स्वतःलाही नंतर जागा सापडू नये.
एलेउतेरिओला गुरुवारी नेलं.
त्याच्या नावापुढे ओळंबा काढायला
दप्तर नव्हतं.

तिबुर्सिओ निसटला, स्वीडनला. तिथेही भिंतीच लिंपल्या.
त्याचं एकच पत्र आलं, तपासणाऱ्यांना कळू नये असं:
‘स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरत नाही ना?’
कुठल्या स्वयंपाकघराच्या?
त्या हिवाळ्यात चार इमारती चालू होत्या,
एकेकीत तीस-तीस घरं.
उत्तर पोचायच्या आत तो गेला.

मी जाते अधूनमधून, रविवारी.
फरशीवाली आहे, ओल तपासायला आले, सांगते.
बोटाच्या पेराने भिंत वाजवते, कान लावते.
एकशेवीसपैकी एकाहत्तर झाली.
परवा एका कर्नलच्या विधवेने कॉफी दिली,
वर साखर दोनदा विचारली.
तिची भिंत एका जागी पोकळ वाजली.
नळ असेल. असू शकतो.
‘काही बिघडलंय का?’ ती म्हणाली.
मी म्हटलं, ‘नाही बाई. भिंत शाबूत आहे.’
छिन्नी पिशवीत होती.
का काढली नाही, ते मला विचारू नकोस.

ते मांस उलट आधी, जळतंय.
आणि तो कमरेचा पट्टा, जाचतो म्हणतोस ना तू,
लावलास?
दाखव.