मेहताब थेटरातली मोजदाद

महापालिकेतून फोन आला, मुंजाजीराव, या जरा,
लिलावाआधी खुर्च्या मोजायच्यात,
आत कुठं काय होतं
हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

गुलमंडीतून पायीच गेलो.
मधल्या काळात शहराची पाटी बदलली.
थेटराची बदलावी लागली नाही,
ती आधीच पडली होती.

कैसरभाईनं कुलपात तेल सोडलं, मग शिव्या.
"अंदर सांप हैं साब, मगर पुराने हैं,
काटते नहीं."
फुलारी नावाचा पोरगेला इंजिनिअर
पॅडला कागद लावून तयार.
इथला शेवटचा पडदा पडला
तेव्हा हा पाळण्यातसुद्धा नव्हता.

मी सांगायचं, त्यानं लिहायचं.
क ओळ, बावीस. सहा मोडक्या.
ख ओळ, बावीस. एकीत मांजरीची तीन पिल्लं,
ती कशात धरायची?
ग. घ. आणि घ नंतर एकदम च.
"एक ओळ गहाळ दाखवू का?"
ङ कुणाला म्हणता येत नव्हतं, बाबा,
तिकीट काढणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही,
म्हणून ती ओळ कधी केलीच नाही.

वर बाल्कनीला अजून जनान्याची जाळी.
तिच्यातून आधी उर्दू नाटकं झिरपली,
पोलीस ॲक्शननंतर मराठी नाट्यपदं,
आणि पुढं दर नोव्हेंबरात
स्पर्धेची कोरी करकरीत दुःखं.
जाळीनं कशालाच अडवलं नाही.
धूळ तेवढी धरून ठेवली.

"तुम्ही काय काम करायचे, काका?"
डाव्या विंगेत स्टूल. मांडीवर वही. वहीवर बॅटरी.
एकतीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं
दुसऱ्यांनाच परत केली.
माझा आवाज क ओळीत पोचला असता
तर त्याच रात्री घरी बसवलं असतं मला.

एकदा मात्र,
लोडशेडिंगच्या वर्षी, गॅसबत्त्यांवर तिसरा अंक,
सरोज देवणीकर मुलाचं पत्र वाचून उभी.
पुढचं वाक्य साधं होतं:
आता दिवा लावा कुणीतरी.
ती गप्प.
मी दिलं. गप्प.
परत दिलं, जरा चढ्या आवाजात. गप्पच.
तिसऱ्यांदा देताना माझाच घसा कोरडा,
आणि ती बघतेय सरळ माझ्याकडं,
लोकांकडं नाही, पत्राकडं नाही.
जालन्याहून टेम्पो करून आलेली माणसं,
त्यांच्या हातातल्या शेंगा फुटायच्या थांबल्या.
बत्तीचा सूं सूं आवाज तेवढा.
मग कोपऱ्यातल्या गंगारामनं, कुणी न सांगता,
एक बत्ती हळूच खाली घेतली.

परीक्षकांनी शेरा मारला: विरामाचा उत्तम वापर.
रात्री चहाच्या गाड्यावर मी माफी मागायला गेलो.
बाई बशीत फुंकर घालत म्हणाल्या,
"ऐकू येत होतं की, मुंजाजी.
तिन्ही वेळा."

हे फुलारीला सांगितलं नाही.
त्याच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

शेवटी विंगेतल्या भिंती.
उजवी, पोपडे. मागची, तडा.
डाव्या भिंतीवर स्टुलाच्या वर
एक काळपट, गुळगुळीत गोल डाग.
त्यानं बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला,
"ओल आहे," म्हणाला, लिहिलंही.
"उंची अंदाजे चार फूट. बरोबर ना काका?"

नकळत माझा हात डोक्यामागं गेला.
रोज सकाळी चमचाभर खोबरेल,
एकतीस वर्षं,
आणि भिंतीला टेकलेली मान.
वाक्य तयार होतं. ओठांपर्यंत आलं.
"बरोबर," म्हणालो.

एकूण खुर्च्या तीनशे अठरा.
तीनशे सतरा धरल्या.
ख ओळीतली एक
कैसरभाईनं कुणाला उचलू दिली नाही.