रुमालाखालचा भाव

तोंडात कापसाचा बोळा,
उजव्या जबड्यात सात टाके,
आणि शिवलीला नर्स विचारते,
"नोवु एष्टु? दहापैकी किती?"

दहापैकी मी कधी काही मोजलं नाही.
संकेश्वरच्या यार्डात एकतीस वर्षं
गुळाच्या रव्याला सळई मारून
जिभेवर कण ठेवला की कळायचं:
ह्याच्या काहिलीत चुना जास्त पडलाय,
हा दोन महिन्यांत पाझरणार,
हा ठेवा बाजूला, घरी न्यायचाय.
भाव मात्र तोंडानं नाही.
रुमालाखाली हातात हात,
बोटाचं पेर दाबलं की आकडा.
वर दोघांची तोंडं बस्तीत बसल्यासारखी.

म्हणून चादरीखाली
सुगंधाचा हात शोधला
आणि चार बोटं धरून दाबली.
तिनं चमकून बघितलं.
लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली,
चारचौघांत हात धरायची आमच्यात रीत नाही.
"चार म्हणताहेत," ती नर्सला म्हणाली,
आणि हात काढून घेतला नाही.

घरी आलो. सूचनांचा कागद कन्नडात.
माझी शाळा मराठी, पोरीची कन्नड;
तिनं वाचून दाखवला.
मेत्तग, तण्णग. मऊ आणि गार.
तिखट नको, नळीनं ओढून पिणं नको,
चूळ भरायची ती हळू, आणि तीही उद्यापासून.
बटाटा कुस्करून चालेल. अंडं चालेल.
सुगंधानं त्या दोन ओळींवर बोट ठेवलं,
पोरीनं पेननं खोडल्या.

मग नाचण्याची पेज, निववलेली.
लाल भोपळा, पार लगदा होईतो शिजलेला.
मुगाचं वरण गाळून. ताकातला आसट भात.
खालचा ओठ अजून झोपेत,
कुठून काय ओघळतंय मला कळत नाही,
तिला कळतं. पदर येतो, जातो.
ज्याच्या जिभेवर ट्रकच्या ट्रक अडायचे
तो माणूस मिठाला विचारतो, आहेस का?

दिवस मावळला की आमची चूलही मावळते.
सुगंधाच्या सासरी ती कधी मावळल्यावर पेटली नाही,
माहेरीही नाही.
साडेपाचला जेवलो, गोळी घेतली,
आणि रात्री दोनला जबड्यात गुऱ्हाळ सुरू झालं.
दुसरी गोळी उशाशी. रिकाम्या पोटी घ्यायची नाही.
सकाळपर्यंत थांबावं म्हणून भिंतीकडं वळलो.
हात मात्र अंधारात गेलाच.
पाच बोटं दाबली. सोडली. मग चार.

ती तशीच पडून राहिली थोडा वेळ.
मग बांगड्या वाजल्या.
मग स्वयंपाकघरात लायटरचा एक खटका,
दुसरा,
आणि भिंतीवर निळसर उजेड.

पेज या वाटीतून त्या वाटीत,
त्या वाटीतून या वाटीत,
किती वेळ ओतत होती ती, निवेपर्यंत.
डाव्या गालानं मी गिळली.
दोघंही एकमेकांकडं बघत नव्हतो.
गोळी. पाणी.
मग आठ, बऱ्याच वेळानं सहा,
कोंबडा आरवायच्या आधी तीन.
प्रत्येक आकडा तिच्या हातात दिला,
तिनं एकाचीही घासाघीस केली नाही.

सकाळी बस्तीतून आली,
माझ्यापुढं वाटी ठेवली, स्वतःला ताट नाही.
"आज मला उपवास हाय," म्हणाली.
कुठला, ते विचारलं नाही.
टाके होते, बरं झालं.

अकराव्या दिवशी यार्डात गेलो.
बाळगोंडानं सळई पुढं केली.
कण जिभेच्या उजवीकडं ठेवला:
काही नाही. माती ठेवली असती तरी तेच.
सगळे तोंडाकडं बघायलेत.
कण डावीकडं सरकवला.
आला गोडवा. मागून बारीक खारट.
"नंबर दोन," म्हटलं,
शब्द जरा सांडला, पण आकडा बरोबर होता.

संध्याकाळी, खिडकीत उजेड असेतोवर,
ताटाच्या आडून तिचा हात आला.
पहिल्यांदाच तिच्या बाजूनं.
मी करंगळीचं अर्धं पेर दाबलं.
"एवढंच?" म्हणाली,
आणि दुसऱ्या हातानं भाकरीचा पापुद्रा
दुधात बुडवून ठेवला, मऊ व्हायला.