चौकटीची वही

सेलूत, टॉकीजमागच्या बोळात
गफारभाईचं गेम पार्लर होतं.
रुपयाला तीन जीव.
माणूस सोळा चौकोन उंच,
डोळा म्हणजे एकच घर, काळं.
तेवढ्यातही तो घाबरायचा.
किती, ते आम्ही ठरवायचो.

लाइट गेली की उरलेले जीव
गफारभाईच्या गल्ल्यात.

परवा लेकीला मोबाईलवर तो दाखवला.
तिच्या गेममधल्या घोड्याची
आयाळसुद्धा वाऱ्यानं हलते.
ती खूप हसली.
मग पहिलीतली चौकटीची वही शोधून
पाढ्यांखालच्या कोऱ्या जागेत
पेन्सिलीनं घरं भरू लागली.
पाय झाले, पट्टा झाला.
तोंडाशी येऊन अडली.

"बाबा, ह्यो कुणाकडं बघतोय?"

"एक घर काळं कर," म्हटलं,
"मग बघंल."