बारा मार्च

आडनाव पगारे.
खिडकीतला माणूस हसला, मीही हसले,
ही गंमत मला लग्न झाल्यापासून पाठ आहे.
नाव ज्योत्स्ना. राहणार पेठ रोड, फुलेनगरच्या मागे.
खोली भाड्याची. करारनामा नाही,
घरमालक म्हणतो, कागद केला की तुम्ही लोक मुळं धरता.
घरकुलाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवाय.
काम काय करता?
म्हटलं, कोणत्या महिन्यातलं सांगू?

जानेवारी सरता सरता द्राक्षं.
पहाटे साडेपाचला टेम्पो मोहाडीच्या पॅकहाउसला नेतो,
डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री,
घड उलटा धरून फुटका मणी हेरायचा,
डागाळलेला, बारका, तोही काढायचा.
पेट्या कुठल्या देशात जातात ते कधी विचारलं नाही,
तिकडे थंडी असणार एवढं कळतं,
कारण इथूनच त्यांना सवय लावतात
आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही.

एप्रिलअखेर टेम्पो बंद.
मग लग्नांच्या पंगतीला पुऱ्या लाटते,
गुरू-शुक्राचा अस्त असला की माझाही.
जूनला काही नाही. जूनला फक्त वह्या.
श्रावणात पंचवटीतल्या दुकानासाठी वाती वळते, हजारावर दर,
मांडीवर कापसाची लव चढते, धुतली तरी जात नाही.
बारमाही म्हणाल तर गंगापूर रोडच्या दातारकाकूंच्या पोळ्या,
पण काकू लेकाकडे हैदराबादला गेल्या
की पोळ्याही जातात.

तो म्हणाला, ताई, रकाना एकच आहे.

पासबुक मागितलं.
बँकेत फक्त पॅकहाउसचे पडतात,
बाकी सगळं हातावर,
आणि हाताला शिक्का नसतो.
त्याचं बोट गेल्या वर्षाच्या ओळींवरून सरकत सरकत
मार्चवर थांबलं. चौदा हजार दोनशे.
गुणिले बारा.

एक लाख सत्तर हजार चारशे.
मर्यादेच्या वर.

असं वर्ष मला कधी भेटलं नाही,
बारा मार्च, एकामागून एक,
पावसाळ्यातसुद्धा वेलीला घड.
त्या वर्षातल्या ज्योत्स्ना पगारेला
घरकुल कशाला लागतंय,
तिच्या दारात नळ असेल, दाराला स्वतःची कडी.

घरी संघमित्रानं वहीच्या मागच्या पानावर
बारा महिने एकाखाली एक मांडले.
नववीत आहे, म्हणाली, आई, सरासरी काढायची असते.
बेरीज केली, भागलं,
पाच हजार आठशे चाळीस.
मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.
हाही महिना माझ्याकडे कधी आलेला नाही.
भाडं मात्र सरासरीनं येत नाही,
पाच तारखेला येतं, चार हजारांचं, चपला न काढता.

पान फाडून घेऊन गेले.
तो म्हणाला, हे मुलीचं अक्षर आहे.
मग म्हणाला, अक्षर चांगलंय.
दुरुस्तीचा अर्ज वेगळा, त्याचे साहेब बुधवारीच बसतात,
आणि बसतात म्हणजे बसले तर.

यंदाचा फेब्रुवारी चालू आहे.
बुधवार म्हणजे एक खाडा, वर रिक्षा.
तीन बुधवार झाले.
चौथ्याला मी त्याला हिशेब सांगितला,
भाऊ, अशीच येत राहिले
तर यंदा मला मार्चच लागणार नाही,
मग बसेन बघा मी तुमच्या मर्यादेत.

तो हसला नाही.
शिक्क्याचं पॅड सुकलं होतं, त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं,
झाकणानं दाबलं, वाट बघितली
आणि म्हणाला,
आधी त्या गेल्या मार्चची झेरॉक्स आणा.
दोन प्रती.