रकाना सहावा

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
अकरा वर्षं मी मस्टर लिहितोय.
रकाना सहावा : कुशल, अर्धकुशल, अकुशल.
जागा अपुरी, म्हणून नुसतं कु. अर्ध. अ.
अ लिहायला शाई कमी लागत नाही,
पगार कमी लागतो.

यल्लव्वा इप्पलपल्ली, कांडीवाली, अ.

एका पगाराला ती टेबलापाशी थांबली.
अंगठ्याची शाई पुसायच्या आधी
तेच बोट त्या अक्षरावर ठेवून म्हणाली,
‘हे काय लिव्हलाव ओ रायटर?’
‘अकुशल.’
‘म्हंजे?’

म्हंजे.
साखर पेठेतल्या शाळेत औसेकर मास्तर सांगायचे,
कुश म्हणजे दर्भ, पात्याला धार.
पहाटे पोरं आणायला जायची नदीकाठी.
हात न चिरता जो उपटून आणील तो कुशल.
आणि ज्याचं बोट कापलं तो, मास्तर?
मास्तर फळा पुसायला लागायचे.
त्याच्यासाठी वेगळा शब्द शोधायला
कुणाला सवड झाली नसावी.
त्याच शब्दाच्या दारात एक अ ठेवला,
चप्पल ठेवतात तसा.

पुढं गवत गेलं, नदी गेली, शब्द पोस्टात शिरला.
भिवंडीहून चुलता लिहायचा,
इकडील सर्व कुशल, तिकडील कळवावे.
ज्या आठवड्यात त्याची दोन बोटं पट्ट्यात गेली
त्याही पत्रात हीच ओळ होती,
फक्त अक्षर दुसऱ्याचं.

यातलं मी यल्लव्वाला काहीच सांगितलं नाही.
एवढंच म्हणालो, ‘काम येत नाही असा.’
‘अस्सं. चेतकादु,’ ती म्हणाली.
हातानं होत नाही.
मी चमकलो. आमच्या घरी कानडी.
भाकरी थापताना माझ्या हातून पीठ फाटलं
की आई म्हणायची, कैलागदवा.
तेच. हातानं न होणारा.
एका भिंतीला लागून राहणाऱ्या दोन भाषा,
दोघीही माणसाला नाव ठेवण्याआधी
त्याच्या हाताकडं बघून घेतात.
मराठी जरा सबुरीची.
हात बसला नाही अजून, म्हणते.
त्यातला ‘अजून’ मला फार आवडतो.
मस्टरवर त्याला रकाना नाही.

यल्लव्वानं पदराला चिकटलेला सुताचा तुकडा काढला,
मधोमध तोडला,
माझ्यापुढं धरला. ‘बांदा बगू.’

बी.कॉम. झालोय मी.
टोकं जुळेनात. जुळली तर गाठ एवढी मोठी
की फणीत अडकून सगळा ताणा बसेल.
रागानं ओढली तेव्हा
सूत बोटाच्या पेरात रुतलं,
आधी पांढरी रेघ, मग लाल.
तिनं तोच धागा घेतला, माझ्याकडंच बघत राहिली,
आणि चिमटीतून गाठ पडली.
मी चष्मा वर करून शोधली, सापडली नाही.
दिवसाला अशा किती, कुणी मोजल्यात?
मी तर नाही. मोजणं माझं काम असून.

मालकांना विचारलं. म्हणाले,
‘सर्टिफिकेट आहे का तिच्याकडं?’
नाही.
‘मग?’

पुढच्या महिन्यात मी तिच्या नावापुढं
पेन टेकवून बराच वेळ बसलो.
पंख्यानं पान उडत होतं.
अ लिहिला.

हल्ली जेवणाच्या सुट्टीत
मी खिशातून सूत काढतो आणि बांधत बसतो.
कांडीवाल्या बाया हसतात, तेलुगूत काहीतरी म्हणतात,
मला कळतं, त्यांना वाटतं कळत नाही.
काल एक गाठ जरा बरी जमली.
घेऊन गेलो दाखवायला.
यल्लव्वानं उजेडात धरली,
नखानं टोचली,
डबा बंद करत म्हणाली,
‘अर्ध.’