धनकोंची सभा

दिवाळखोर व्हायला आधी पैसे लागतात.
तीनशे अडतीस डॉलर, नुसती कोर्टाची फी.
शाळेच्या खानावळीतल्या जादा पाळ्यांचे
मी ते कॉफीच्या डब्यात साठवले,
वेन्डेलला न सांगता,
पळून जाणारी बाई साठवते तसे.

वकील म्हणाला, कार्डं आणा.
सात निघाली. एकावर इंद्रधनुष्य,
एकावर समुद्र, जो मी पाहिलेला नाही,
एक निव्वळ गाद्यांच्या दुकानाचं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझं अंथरूणच हप्त्यावरचं होतं.
त्याने कात्री पुढे केली.
टेबलावर काचेचं भांडं, आत
माझ्याआधी आलेल्यांचे तुकडे,
लांबून लिमलेटच्या गोळ्या वाटाव्यात असे.

कशामुळे झालं, असं फॉर्मवर विचारतात.
मी लिहिलं: नवऱ्याची पाठ. भट्टी, जानेवारीत बंद पडलेली.
दोन दाढा.
सोफ्याचं लिहिलं नाही.
हिरवा होता. त्यावर बसले की
मला आपण दुसरंच कुणी वाटायचो.

चार वर्षं फोन वाजत राहिला.
त्यातली एक डेबी. दर मंगळवारी, जेवणाच्या वेळी.
एकदा तिला खोकल्याची उबळ आली,
थांबेचना. मी म्हटलं, मध घे गरम पाण्यात.
ती गप्प.
मग तिने रक्कम वाचून दाखवली, सेंटसकट.

टोलीडोच्या त्या इमारतीत तिसरा मजला.
कागदावर छापलेलं: धनकोंची सभा.
मी अंत्यविधीचा कोट घातला होता.
वाटलं होतं, समोर सातजण बसतील,
मला नखशिखांत बघतील,
एखादा विचारेल, सोफा कुठाय?
डेबीला काय म्हणायचं तेही
गाडीत दोनदा म्हणून बघितलं होतं.

खुर्च्या रिकाम्या.
कुणी आलं नव्हतं. कुणी येतच नाही, वकील म्हणाला.
इतक्या वर्षांची भीती, आणि तिला
साधं बसायलासुद्धा यावंसं वाटलं नाही.

टेबलामागचा माणूस चष्मा पुसत विचारत गेला.
नाव? व्हर्ना प्रुस्की.
घर? भाड्याचं.
गाडी? आहे, हीटर नाही.
तुम्हाला कुणी देणं लागतं का?

हे पाठ करून आले नव्हते.
भाऊ स्टॅन: नऊशे डॉलर, बोटीसाठी,
बोट बुडाली, स्टॅन नाही.
काचेचा कारखाना: वेन्डेलची एकवीस वर्षं
आणि मणक्याचे दोन मणी.
आई: एक वाक्य. कोणतं ते तिलाही माहीत होतं,
शेवटी हॉस्पिटलात ती खिडकीकडे बघत राहिली.

उजवा हात वर करून शपथ घेतलेली.
नाही, मी म्हटलं. कुणीही नाही.
त्याने खूण केली. पुढचं नाव पुकारलं.
साडेचार मिनिटं, येताना गाडीत मोजली.

घरी पोचले तर भर दुपारी
व्हरांड्यातला बल्ब पेटलेला.
सकाळी घाईत मीच विसरले असणार.
दिवसाढवळ्या दारात दिवा,
सगळ्या गल्लीला दिसेल असा.
वेन्डेल बटणाकडे निघाला.
असू दे म्हटलं.

मंगळवार होता. जेवायला बसलो.
फोन वाजला नाही.
मधाची बाटली टेबलावरच होती,
झाकणाला चिकटलेली.